बोकाजच्या बुरुजाची धाव

अमेरिकेहून आल्यावर त्या प्रवासाबद्दल मी पुण्यात इतक्यांदा बोललो, की आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही तो पाठ झाला असावा. तरी त्यातली एक गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. जे बोललो ते खोटं नव्हतं; पण त्यात एक नाव नव्हतं.

न्यू जर्सीतल्या एका फ्रेंच-नॉर्मन धर्तीच्या घराचा बुरूज पडता पडता वाचला. तो ज्यांनी वाचवला त्यांचं नाव प्रभाकर भालेराव. मी बुरूज सांगितला, तो वाचवण्याची युक्ती सांगितली, त्या युक्तीचा मराठी शब्द सांगितला, टाळ्या घेतल्या आणि नाव गाळलं. का गाळलं ते सांगायचं तर प्रवास पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवा. उभा जन्म मी सरकारी बांधकाम खात्यात काढला. आधी इमारत दाखवायची आणि मग तडा, ही माझी जुनी सवय आहे.

पार्सिपनी

या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझी मुलगी नीला आणि जावई न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतात. मी गेलो तेव्हा वसंत संपत आला होता. घरांना कुंपणं नाहीत याचं मला पहिले काही दिवस फार नवल वाटलं. आपलं गवत कुठे संपलं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू झालं हे फक्त गवत कापणाऱ्याला ठाऊक. आपल्याकडे हातभर बोळासाठी सख्ख्या भावांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या मी पाहिल्या आहेत.

मुलीने मॉल दाखवले, न्यूयॉर्क दाखवलं, उंच इमारतींच्या टोकावर नेलं. मी सगळं पाहिलं. पण चार दिवस झाल्यावर म्हणालो, "आता एखादं जुनं काहीतरी दाखवा बाबा."

"जुनं?" जावई म्हणाले. "इथे जुनं म्हणजे आमची गाडी."

नीला हसली नाही. तिला काहीतरी सुचलं होतं. "बाबा, एक घर आहे, बोकाज म्हणून. फ्रान्समधलं उचलून आणून ठेवल्यासारखं. आणि आमच्या ओळखीतले एक जण आहेत, त्यांनीच त्याच्या दुरुस्तीचं काम केलंय. ते स्वतः दाखवतील. शनिवारचं फिक्स करू?"

"नाव काय त्यांचं?"

"भालेराव."

मी खुर्चीत ताठ बसलो. माझं आजोळ भालेरावांचं. समुद्रापलीकडे येऊन फ्रेंच घर दुरुस्त करणारा माणूस आपल्या आजोळच्या आडनावाचा निघावा! शनिवारपर्यंत मी जावयांना दोनदा ऐकवलं, की आमच्या मामांकडे इमारतीची नजर रक्तातच होती.

फाटक, चौक आणि घराचे मालक

बोकाज हा नॉर्मंडीतला शब्द. झाडांच्या दाट कुंपणांनी तुकडे पडलेल्या शेतांच्या मुलखाला तिकडे असं म्हणतात. इथले लोक त्याचा उच्चार आपापल्या परीने करतात आणि कुणी कुणाला दुरुस्त करत नाही.

मुख्य रस्ता सोडून आत वळलं की पहिल्यांदा फाटकघर लागतं. दगडी कमान, वर माणूस राहील एवढी खोली, तिला उतरतं छप्पर. कमानीखालून गाडी गेली की उंच झाडांमधून वळत वळत रस्ता चढतो. घर एकदम दिसत नाही. आधी धुराडी दिसतात, मग छपराचा मोठा उतार, मग कोपऱ्यातला गोल बुरूज आणि त्याच्या डोक्यावर शंकूसारखी टोपी. शेवटी घर समोर येतं ते इंग्रजी 'एल'सारखं दोन हातांचं, मध्ये घोटीव दगडांचा चौक धरून.

त्या धर्तीची खूण म्हणजे छप्पर. भिंत बेताची आणि छप्पर दुप्पट. खालच्या भिंती चुनखडीच्या दगडाच्या. वरच्या मजल्याला काळ्या लाकडाचा उभा-आडवा सांगाडा आणि मधल्या चौकटींत विटांची भर. विटाही एका रांगेत नाहीत, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या. खिडक्यांची तावदानं शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली, तळहाताएवढी. छपरावर पातळ दगडी पाट्यांची कौलं: खाली वळचणीला मोठी आणि जाड, वर आढ्याकडे जाताना लहान आणि पातळ. त्यामुळे छप्पर आहे त्याहून उंच वाटतं. हे मी कुणी न सांगता ओळखलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पाठ थोपटून होते न होते तोच घसरलो. छपराचं आढं मध्ये खचलेलं मला दिसलं, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखं. दारात आमचं स्वागत करायला मिसेस हार्पर उभ्या होत्या. पांढऱ्या केसांच्या, काटक बाई. आठवड्यातून काही दिवस हौसेने घर दाखवायला येत. त्यांना मी घाईने सांगितलं, "तुमचं छप्पर बसतंय. तातडीने बघा."

त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, पहिल्या मालकाने ते मुद्दाम वाकवून घेतलं होतं. नवं घर शेकडो वर्षांचं दिसायला हवं म्हणून सुतारांना वाकडं आढं घडवायला लावलं. सरळ छपराला लागले असते त्यापेक्षा जास्त पैसे त्या वाकडेपणाला लागले! आमच्या खात्यात एवढ्या वाकाला माणूस सस्पेंड झाला असता.

दुसरी फजिती दारातच झाली. सवयीने मी बूट काढले आणि मोज्यांवर आत शिरलो. मिसेस हार्परना वाटलं, हा इंजिनीअर जुनी फरशी जपतोय. त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं आणि मागच्या पाहुण्यांनाही बूट काढायला लावले. एक लठ्ठ गृहस्थ बिचारे खाली बसून बराच वेळ नाडी सोडत होते. नीलाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तिचे खांदे हलत होते.

आत गेल्यावर बाईंनी घराच्या मालकांची हकीगत सांगितली. पहिले मालक व्हिटकॉम, बटणांचे कारखानदार. लग्नानंतर बायकोबरोबर नॉर्मंडी फिरून आले आणि तिथल्या शेतवाड्यांच्या प्रेमात पडले. मग त्यांनी आपल्या वास्तुशिल्पज्ञाला तिकडे धाडलं. त्याने गावोगाव फिरून जिने, धुराडी, कबुतरखाने कागदावर उतरवून आणले. घर उभं राहिलं आणि थोड्याच वर्षांत मंदी आली. कारखाना गेला, पाठोपाठ घर गेलं. दुसरी मालकीण एक श्रीमंत विधवा. तिला कुत्र्यांचं वेड. ती एकेक खोली बंद करत शेवटी स्वयंपाकघरात आणि शेजारच्या एका खोलीत राहिली. बाकीचं घर कुत्र्यांचं. तिच्यानंतर ख्रिस्ती जोगिणींच्या एका संस्थेने घर घेऊन मुलींची शाळा काढली. काळी लाकडं त्यांना उदास वाटली, म्हणून त्यांनी सगळ्या तुळया पांढऱ्या रंगवल्या.

"मी याच खोलीत लॅटिन शिकले," मिसेस हार्पर म्हणाल्या, "आणि या खिडकीतून उडी मारून पळूनही गेले. एकदाच." मग शाळा बंद झाली, काही वर्षं घर रिकामं गळत राहिलं आणि अखेर तिथल्या जिल्ह्याच्या सरकारने ते सभोवतालच्या रानासकट लोकांसाठी घेतलं.

मला कौतुक वाटलं ते सांगण्याच्या रीतीचं. मालक बुडाला, मालकीण एकटी पडली, शाळा बंद झाली, सगळं बाई उघडपणे, मायेने सांगत होत्या. आपल्याकडे घर गेलं की घराण्याच्या अब्रूसाठी ते गेलं हेच लपवतात.

"पण खरी गंमत पुढे आहे," बाई म्हणाल्या. "मिस्टर भालेराव येतीलच. ते तुम्हाला त्यांचं कबुतर दाखवतील."

कबुतर? मी नीलाकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

बुरूज

भालेराव चौकातून चालत आले. वय चाळिशीच्या आसपास, उंच, सावळे, चष्मा, अंगात साधा स्वेटर. "नमस्कार काका," म्हणून ते नमस्काराला वाकले आणि मी त्यांना मध्येच धरून मिठी मारली.

"अहो, तुम्ही भालेराव म्हणजे आमच्या आजोळचे! माझी आई भालेरावांची. कुठले तुम्ही?"

"गंगाथडीकडचे. पैठणच्या पुढे."

"बघा! आमचे मामाही तिकडचेच. म्हणजे गाव एकच असणार."

ते किंचित हसले. "गाव एकच असेल, काका. घरं लांब होती."

मला वाटलं, गाव मोठं असेल. मिसेस हार्परकडे वळून मी इंग्रजीत जाहीर केलं, की हा माझा मामेभाऊ. बाईंनी टाळ्या वाजवल्या. भालेराव जिन्याच्या दाराकडे वळले. नीला माझ्याकडे पाहत होती. पण त्या नजरेचा अर्थ मी लावला नाही.

बुरुजात गोल दगडी जिना आहे. त्याच्या वर, शंकूच्या पोटात, पूर्वीचा कबुतरखाना: भिंतीत कोनाडेच कोनाडे. मी वर पोचलो आणि कबुतर शोधू लागलो.

"काय बघताय काका?"

"बाई म्हणाल्या तुमचं कबुतर आहे म्हणून."

भालेराव एवढे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "अहो, मी त्यांना शंभरदा सांगितलं. धाव! डव्ह नाही, धाव. पण इथे कबुतरखाना, त्यात मी असा शब्द बोलतोय, त्यांनी कबुतरच धरलं. आता सुतारसुद्धा तेच म्हणतात. 'डव्ह जरा टाइट कर.'"

आणि मग त्यांनी हात वर करून दाखवलं. शंकूच्या पायथ्याला, जिथे सगळे वासे भिंतीवर येऊन टेकतात, तिथे आतून पोलादाचा एक पट्टा गोल फिरला होता. तुकड्या-तुकड्यांचा, सांध्यांवर मोठे बोल्ट.

बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी असते, तिला आपण धाव म्हणतो. नव्या वाचकांसाठी सांगतो: धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात, विस्तवात तापवून लाल करतात, म्हणजे ती वाढते, मग चाकावर ठोकून बसवतात आणि वरून पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि चाकाचे आरे असे आवळून धरतं की चाक एकजीव होतं.

शंकूच्या छपरालाही असंच आवळून धरावं लागतं. वासे भिंतीला बाहेर ढकलत असतात. बांधणाऱ्यांनी त्यासाठी लोखंडी कडं घातलं होतं. घर रिकामं होतं त्या वर्षांत पाणी झिरपून ते गंजलं आणि तुटलं. वासे पसरले, बुरुजाचा माथा उमलायला लागला, भिंतीला उभे तडे गेले. टोपी उतरवून बुरूज वरून कापून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. भालेराव तेव्हा दुसऱ्याच कामाचा हिशेब तपासायला एका मोठ्या कंपनीतर्फे आले होते.

"मी मीटिंगमध्ये उभा राहिलो," ते म्हणाले, "आणि म्हटलं, कापू नका, याला धाव घाला. कुणाला काही कळेना. मग फळ्यावर बैलगाडी काढली. त्यांना वाटलं हा माणूस येडा आहे. पण आग इथे लावता येत नव्हती, सगळं जुनं लाकूड. म्हणून बोल्टने आवळत गेलो. रोज थोडं, सगळीकडे सारखं. घाई केली असती तर एका बाजूने फुटलं असतं. शेवटी तडे मिटायला लागले तेव्हा सुतारच ओरडले."

मी त्या पट्ट्यावर हात ठेवून उभा राहिलो. आयुष्यात मी पूल बांधले, विश्रामगृहं बांधली, एका धरणावर पावसाळे काढले. पण इतकं नेटकं काम फार थोड्या वेळा पाहिलं. "धाव कुठे पाहिलीत तुम्ही?"

"गावात. लोहाराच्या भट्टीपाशी. आम्ही पोरं लांबून बघायचो. पाणी ओतलं की जी वाफ उठते ना! ते पाणी आपण ओतावं अशी फार हौस होती."

"ओतलंत का कधी?"

"नाही. ओतू देत नव्हते."

"बरोबर, लहान मूल भाजेल," मी म्हणालो.

भालेराव बोल्टावरची धूळ बोटाने पुसत होते. "हो," ते म्हणाले.

खाली उतरल्यावर बुरुजाच्या दाराशी जिल्ह्याने बसवलेली पितळी पाटी दिसली. घराच्या वास्तुशिल्पज्ञाचं नाव, आणि खाली, बुरूज वाचवणारे अभियंता म्हणून, पी. भालेराव. मी त्या पाटीशेजारी त्यांना उभं केलं, आडनावावर स्वतःचं बोट ठेवलं आणि नीलाला फोटो काढायला लावला. "आईला हे दाखवायला हवं होतं," असं मी म्हणाल्याचंही मला आठवतं.

रविवारचं जेवण

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. त्यांचं घर नीलाच्या घरापासून फार लांब नव्हतं. त्यांच्या बायकोचं नाव शालिनी. त्या तिथल्या एका प्रयोगशाळेत होत्या. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने "हाय आजोबा" म्हणून माझी काठी घेतली. भालेराव म्हणाले, "मराठीत बोल." ती म्हणाली, "आय डिड! आजोबा इज मराठी." सगळे हसलो.

बाहेरच्या खोलीत मी आजोळच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. मामांचा मळा, नदीकाठची घरं, आमराई. "आपल्या लोकांत बुद्धी आहेच," मी म्हणालो, "बाहेर पडलं की दिसते." आतून येसर आमटीचा वास आला आणि मी तर सरसावूनच बसलो. धान्यं, धणे भाजून केलेलं येसर मी पुण्यात कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं. "झालं! आता नातं सिद्ध करायला आणखी काय हवं?"

"चला, पानं घेतलीत," शालिनीबाई म्हणाल्या.

जेवायच्या खोलीत समोरच्या भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं, आणि शेजारी निळा कोट, गोल चष्मा, हातात ग्रंथ. कुठल्याही मराठी माणसाला ते नाव सांगावं लागत नाही. तसबिरीला ताजा हार होता.

मी खुर्ची ओढून पानावर बसलो.

मी जेवलो. पोटभर जेवलो. हे इथे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. जेवताना 'मी यांच्याकडे जेवतो आहे' हे मी स्वतःच्या लक्षात आणून देत होतो, ते लाजिरवाणं आहे म्हणून लिहितो. आमटी आईच्या हातची असावी तशीच झाली होती. पण मामांचा विषय माझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "तुमच्या लोकांनी फार प्रगती केली हो."

शालिनीबाईंचा हात भाताच्या भांड्यावर थांबला. भालेराव शांतपणे म्हणाले, "हो, काका. आमटी वाढू आणखी?"

परतताना जावई गाडी चालवत होते. नीला मागे माझ्याशेजारी बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "हात धुवायच्या आधी ते 'आपले लोक' होते. हात धुतल्यावर 'तुमचे लोक' झाले."

"तुला माहीत होतं?"

"अर्थात."

"मग आधी सांगायचं नाहीस?"

"मुद्दाम नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्या दिवशी तुम्ही त्यांना मिठी मारली असतीत का?"

मी बाहेर बघत राहिलो. गवत कापणारे, दारात सायकली, कुंपण नसलेली घरं. मग एकदम ते पाणी कळलं. लोहाराच्या भट्टीवर पाणी त्या पोराला का ओतू देत नव्हते ते. माझ्या मामांच्या गावात. कदाचित माझ्या मामांच्याच गाडीच्या चाकावर. आणि मी त्यांना सांगितलं होतं, लहान मूल भाजेल.

पुणे

परत आल्यावर स्लाइड दाखवून भाषण करण्याची मला पहिली संधी आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या कट्ट्याने दिली. नाव ठेवलं 'नॉर्मन बुरुजातला मराठी शब्द'. आदल्या दिवशी स्लाइड लावून पाहत होतो. पितळी पाटीची आली. भालेराव, पाटी आणि आडनावावर माझं बोट. पहिल्या रांगेत माझे खरे मामेभाऊ बसणार होते. ते विचारणार, "आपले का रे?" हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर दुसरा प्रश्न ठरलेला, "मग कोणते?" आणि मग सभेभर पसरणारं ते 'अच्छा'. मी ती स्लाइड काढून ठेवली. भाषणात म्हणालो, "एका मराठी इंजिनीअराने." कडाडून टाळ्या पडल्या.

पहिल्या वेळी तो संकोच होता. नंतर सवय झाली. शाळांत बोललो, वाचनालयांत बोललो. धाव सांगताना माझा आवाज दर वेळी चढायचा, आणि तो अभिमान खोटा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. बुरूज पाहिल्यापासून त्या माणसाइतका अभिमान मला माझ्या कुठल्याच पुलाचा वाटलेला नाही. पण भाषणात त्याला नाव नव्हतं.

मग एका संध्याकाळी, एका वाचनालयाच्या लहान सभागृहात, अंधारात कुणीतरी विचारलं, "अहो, त्या इंजिनीअराचं आडनाव काय?"

"आता नेमकं लक्षात नाही," मी म्हणालो.

दिवे लागले. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, प्रभाकर भालेराव बसले होते.

लोक पांगेपर्यंत ते थांबले. मग पुढे येऊन वाकून नमस्कार केला, पहिल्या दिवशी केला होता तसाच. आईला भेटायला आले होते. ती विश्रांतवाडीला त्यांच्या बहिणीकडे असते. पेपरात भाषणाची सूचना वाचली म्हणून आलो, म्हणाले. "धाव फार छान समजावलीत काका. मलाही इतकी सोपी करून सांगता येत नाही." आणि जरा थांबून, "पाटीचा फोटो नव्हता यात. बिघडला का?"

"हो," मी म्हणालो. "जरा काळा आला."

"होतं असं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नीलाकडून पत्ता घेऊन, रिक्षा करून मी विश्रांतवाडीला गेलो. माफी मागायचीच हे ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं: प्रभाकरराव, नाव मला आठवत होतं, मी सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही ते तुम्हाला माहीत आहे, मला क्षमा करा. रिक्षात मी ते पुटपुटत होतो, रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून "काय म्हणालात?" असं विचारलं.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. भालेरावांनी दार उघडलं. क्षणभर ते चकित झाले, मग "या, या" म्हणाले. खाटेवर त्यांची आई बसली होती. नऊवारी, बारीक कुडी, दृष्टी अधू.

"कोन आलंय रं?"

"काका आलेत, आई. अमेरिकेत बुरूज बघायला आले होते ते."

म्हातारीचा चेहरा उजळला. तिने चाचपडत माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. "तुमीच का ते! पर्भाकर सांगतो, पुन्यात येक मोठं सायेब हायती, सभा भरवून माझ्या कामाचं सांगत्यात. शिकल्या-सवरल्या मान्सांत माझ्या लेकाचं नाव घेता तुमी. लई उपकार झालं, बाबा."

मी भालेरावांकडे पाहिलं. ते चहाचे कप मांडत होते. वर पाहिलं नाही. आदल्या रात्री घरी येऊन त्यांनी आईला काय सांगितलं असेल, किंवा काय सांगितलं नसेल, ते मला कळलं.

"नाव कसं घेता वो?" म्हातारी म्हणाली. "नुसतं पर्भाकर म्हंता, का आडनावासकट?"

घशाशी आलेलं वाक्य तिथेच राहिलं. ते या बाईसमोर बोलायचं म्हणजे माझं ओझं उतरवून तिच्या अंगावर टाकायचं.

"आडनावासकट," मी म्हणालो.

तिने समाधानाने मान हलवली. चहा आला, मी घेतला. बहिणीने पोहे केले, तेही खाल्ले. म्हातारीने गावच्या नदीचं, पुराचं सांगितलं. माझ्या मामांचं नाव तिने आपणहून काढलं, "मोठी मान्सं व्हती," म्हणाली, आणि दुसऱ्या विषयाकडे वळली.

निघालो तेव्हा भालेराव जिन्यापर्यंत सोडायला आले. दार त्यांनी मागे ओढून घेतलं होतं. आत ऐकू जाणार नव्हतं. याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी कठडा धरला आणि म्हणालो, "प्रभाकरराव, माझं एक..."

"सावकाश उतरा, काका," ते म्हणाले. "दुसरी पायरी जरा उंच आहे."

मी सावकाश उतरलो.